एक मतदार, तीन कौल

पिंपरी-चिंचवडचा मतदार नेमका कोणत्या पक्षाचा, असा प्रश्न बाहेरगावचे लोक मला नेहमी विचारतात. मी त्यांच्यापुढे २००९ ते २०१२ या तीन वर्षांचा हिशेब ठेवतो आणि म्हणतो, आता तुम्हीच ठरवा.

मे २००९ मध्ये लोकसभेचे निकाल लागले. आमचे शहर दोन लोकसभा मतदारसंघांत वाटले गेले आहे. पिंपरी आणि चिंचवड हे विधानसभा मतदारसंघ मावळमध्ये येतात, भोसरी शिरूरमध्ये. त्या वेळी दोन्हीकडे शिवसेना निवडून आली. मावळमधून गजानन बाबर, शिरूरमधून शिवाजीराव आढळराव पाटील. पाच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. पिंपरीतून राष्ट्रवादी काँग्रेसचे अण्णा बनसोडे आले, चिंचवडमधून लक्ष्मण जगताप अपक्ष म्हणून आले आणि भोसरीतून विलास लांडे, तेही अपक्षच. मे महिन्यात जिंकलेल्या शिवसेनेचा तिघांत एकही नाही. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. १२८ जागांपैकी ८३ राष्ट्रवादीला मिळाल्या, शिवसेनेला १४ आणि भारतीय जनता पक्षाला अवघ्या ३.

दिल्लीसाठी शिवसेना, मुंबईसाठी अपक्ष आणि शहरासाठी राष्ट्रवादी. हा हिशेब ऐकून काही जण हसतात आणि म्हणतात, तुमच्या शहराला निष्ठा म्हणून नाहीच. मला हे बोलणे घाईचे वाटते. मी या शहरात शिक्षक म्हणून आयुष्य घालवले. नागरिकशास्त्र शिकवले आणि शिक्षकाच्या नशिबी येणारे निवडणुकीचे कामही अनेक वर्षे केले. मतदान केंद्रावर बसणाऱ्याला कुणी कुणाला मत दिले हे दिसत नाही, दिसूही नये. पण बाहेर, चहाच्या टपरीवर, माणसे मोकळेपणी बोलतात. काळेवाडीतले माझे एक परिचित, कारखान्यातून निवृत्त झालेले, मला एकदा म्हणाले होते, "सर, माझी मते तीन आहेत. एक दिल्लीला, एक मुंबईला आणि एक नळाला." या माणसाच्या डोक्यात काही गोंधळ आहे असे मला वाटत नाही.

कुणी आक्षेप घेईल, की लोकसभेचा निकाल एकट्या शहराचा नसतो. मावळ मतदारसंघात घाटाखालचे पनवेल, कर्जत, उरणही आहे आणि शिरूरमध्ये थेट जुन्नर, आंबेगावपर्यंतची गावे आहेत. हे खरेच आहे. शिवाय दोन निवडणुकांत काही महिने गेले की वारे बदलू शकते. म्हणून मी साऱ्या महाराष्ट्राचा एक अधिक स्वच्छ पुरावा देतो.

सप्टेंबर १९९९ मध्ये आपल्या राज्यात लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या. तेच मतदार, तेच केंद्र, तोच दिवस. बहुतेक ठिकाणी मतदाराच्या हातात लोकसभेची पांढरी आणि विधानसभेची गुलाबी अशा दोन मतपत्रिका पडल्या. राष्ट्रवादी काँग्रेस त्याच वर्षी जूनमध्ये स्थापन झाली होती आणि दोन्ही काँग्रेस दोन्ही निवडणुका वेगवेगळ्या लढत होत्या. म्हणजे तुलना सरळ आहे. निकाल काय लागला? लोकसभेत शिवसेना-भाजप युतीला ४८ पैकी २८ जागा मिळाल्या, मते सुमारे ३८ टक्के. विधानसभेत याच युतीला २८८ पैकी १२५ जागा, मते सुमारे ३२ टक्के. एका दिवसात, एकाच खोलीत, शंभरातले निदान सहा जण पांढऱ्या कागदावर युतीबरोबर होते आणि गुलाबी कागदावर नव्हते. कारगिलचे युद्ध नुकतेच संपले होते आणि वाजपेयींचे सरकार एका मताने पडल्याची हळहळ होती. ती भावना दिल्लीच्या मतपत्रिकेवर उमटली. मुंबईतल्या साडेचार वर्षांच्या कारभाराचा हिशेब मात्र लोकांनी वेगळा मांडला. पुढे दोन्ही काँग्रेसनी मिळून राज्यात सरकार स्थापन केले.

तेव्हा मत विभागून देणे ही काही पिंपरी-चिंचवडची खासियत नाही. पण ही सवय इथे जास्त मुरली, त्याची कारणे शहराच्या घडणीत आहेत.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने इथे उभे राहिले. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नवनगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका झाली. १९७१ च्या जनगणनेत इथे सुमारे ८३ हजार माणसे होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. चाळीस वर्षांत वीसपट!

याचा अर्थ पाहा. सांगली-साताऱ्याकडच्या खेड्यात आजोबांचा पक्ष नातवाकडे येतो, निदान येत असे. इथे आजोबाच नव्हते. माणूस खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आला. कारखान्याच्या गेटवर त्याची युनियन होती, गावाकडे त्याच्या घराण्याचा पक्ष होता आणि इथे भाड्याच्या खोलीत तो नवखा होता. मुंबईत गिरणी संपानंतर डॉ. दत्ता सामंत १९८४ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले, तेही देशभर काँग्रेसची लाट असताना. तिथे युनियनचे मत पेटीत उतरले. आमच्याकडे तसे झाले नाही. १९८९ मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यावर उपोषण केले, साऱ्या पुण्याने ते पाहिले. पण त्या लढ्यातून कामगारांचा असा पक्ष या शहरात उभा राहिला नाही. गेटवर एका झेंड्याखाली उभा राहणारा माणूस मतदानाच्या दिवशी वेगळ्या हिशेबाने चालत होता.

दुसरीकडे जुनी गावे होती. जमिनी गेल्या तरी भावकी गेली नाही. भोसरी, पिंपळे गुरव, पिंपरी, थेरगाव इथल्या मूळ घराण्यांची आडनावे आजही नगरसेवकांच्या यादीत भेटतात. बाहेरून आलेल्याने नळजोड मागायचा, रस्ता मागायचा, मुलीच्या शाळेसाठी शब्द टाकायचा, तर या घराण्यांपैकी कुणाच्या तरी दारात जायचे. तो माणूस कोणत्या पक्षात आहे हे दुय्यम होते. म्हणून महापालिकेचे मत माणसाला आणि लोकसभेचे मत पक्षाला, अशी वाटणी आपोआप झाली. २०१७ पासून तर चार सदस्यांचा प्रभाग आहे. मतदाराने चार वेगवेगळ्या जागांसाठी चार बटणे दाबायची, कुणीच नको असेल तिथे 'नोटा'चे. पक्ष सांगतात, आमचे पॅनेलच्या पॅनेल निवडा. लोक मात्र दोन इकडे, एक तिकडे असेही करतात आणि एकाच प्रभागातून दोन पक्षांचे नगरसेवक निवडून येतात.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. शहर पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलते. धरणातून बंद नळाने थेट पाणी आणण्याची महापालिकेची योजना होती. मावळातल्या शेतकऱ्यांचा तिला विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. योजना थांबली. राज्यात आणि महापालिकेतही राष्ट्रवादी सत्तेत होती. त्यानंतर सहा महिन्यांनी शहराने त्याच पक्षाला ८३ जागा दिल्या. मावळ तालुक्याने २०१४ मध्ये पुन्हा भाजपचा आमदार निवडला. नदी एक, लोकसभा मतदारसंघही एक. पण वरच्या अंगाला पाणी म्हणजे शेत आणि खालच्या अंगाला पाणी म्हणजे स्वयंपाकघरातला हंडा. दोघांनी आपापल्या गरजेला मत दिले.

इथवर मी मतदाराची बाजू घेतली. आता या सवयीची किंमत सांगायला हवी. त्यासाठी थोडे दूर, अमेरिकेत जाऊ.

अमेरिकेत राज्यांचा नकाशा तांबडा आणि निळा असा दोन रंगांत दाखवतात. तांबडा रिपब्लिकन, निळा डेमोक्रॅट. तिथेही एकाच दिवशी राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, कधी गव्हर्नर अशी अनेक पदांची मते द्यायची असतात आणि एकेकाळी ती विभागून देण्याची रीत सर्रास होती. आता ती आटली आहे. २०१६ मध्ये सिनेटच्या ३४ जागांसाठी निवडणूक झाली. त्या प्रत्येक राज्यात राष्ट्राध्यक्षपदासाठी जो पक्ष पुढे, त्याचाच सिनेटर झाला. सिनेटर थेट लोकांनी निवडायला लागल्यापासून असे प्रथमच घडले. २०२० मध्ये अपवाद एकट्या मेन राज्याचा. २०२४ मध्ये ॲरिझोना, मिशिगन, नेवाडा आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना कौल दिला आणि सिनेटवर डेमोक्रॅट पाठवले. गव्हर्नरच्या बाबतीत व्हर्मांट, केंटकी यांसारखी राज्ये अजून वेगळा विचार करतात. पण एकूण ओढ एकाच दिशेची आहे. पक्षाचे नाव कळले की बाकी काही विचारायचे नाही. उमेदवार कसा आहे, राज्याचा रस्ता झाला की नाही, हे मागे पडते.

आमचे दुखणे नेमके उलटे आहे आणि त्याचे निदानही अमेरिकेतच सापडते, फक्त ती अमेरिका पाऊणशे वर्षांपूर्वीची. व्ही. ओ. की नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांच्या राजकारणावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी तिथे नावाला एकच पक्ष होता, डेमोक्रॅटिक. खरी लढत पक्षाच्या पोटात, गटागटांत होई. की यांना अलाबामासारख्या राज्यात दिसले, की उमेदवाराला त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात आणि लगतच्या भागात भरघोस मते पडतात आणि दूर गेले की ती विरळ होतात. ओळखीपाळखीचे, शेजारपाजारचे मत. आपल्याकडच्या कुणालाही हे वाचताना भावकी आठवावी!

की यांचा पुढचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. गटांचे राजकारण दिसायला चुरशीचे असते, पण गट आज असतो, उद्या फुटतो. त्यामुळे मागच्या निर्णयाचा जाब कुणाला विचारायचा हेच लोकांना कळत नाही. यात पैसेवाल्याचे फारसे बिघडत नाही, कारण तो कोणत्याही गटाशी जमवून घेतो. बिघडते ते गरिबाचे. त्याला आपले काम करून घ्यायला वर्षानुवर्षे टिकणारी, नाव न बदलणारी संघटना लागते. हेच की आयुष्याच्या शेवटी मतदारांविषयी लिहीत होते. ते १९६३ मध्ये वारले आणि ते छोटे पुस्तक १९६६ मध्ये निघाले. मतदार मूर्ख नसतो, असा त्यात त्यांनी आग्रह धरला. मला या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात. मतदार शहाणा असतो आणि तरीही त्याचा शहाणपणा वाया जाऊ शकतो.

आमच्या शहरात तो कसा जातो, ते पाहा. लक्ष्मण जगताप २००९ मध्ये अपक्ष आमदार झाले. २०१४ च्या लोकसभेला ते शेतकरी कामगार पक्षाच्या पाठिंब्याने मावळमध्ये उभे राहिले आणि हरले. त्याच वर्षीच्या विधानसभेत ते भाजपचे आमदार झाले. भोसरीत महेश लांडगे २०१४ मध्ये अपक्ष आणि २०१९ मध्ये भाजपचे. २०१२ च्या महापालिकेत ३ जागा असलेल्या भाजपला २०१७ मध्ये ७७ मिळाल्या आणि राष्ट्रवादी ८३ वरून ३६ वर आली. यात देशातल्या वाऱ्याचा वाटा होताच. पण निवडून आलेल्यांपैकी बरेच चेहरे आधी दुसऱ्या पक्षांत होते. मतदाराने सत्ता बदलली की सत्तेने फक्त अंगरखा बदलला, हे सांगणे कठीण आहे.

याचा चटका कुणाला बसला? अर्धा-एक गुंठा घेऊन घर बांधणाऱ्याला. चिखली, काळेवाडी, रहाटणी, थेरगाव या भागांत कामगारांनी आयुष्याची पुंजी घालून अशी घरे बांधली. परवानगी नव्हती. २००८ पासून अशा बांधकामांना मूळ मिळकतकराच्या दुप्पट शास्तीकर लागू झाला. कर शंभर रुपये तर दंड दोनशे, आणि थकला की वाढतच जाणारा. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत सगळ्या पक्षांनी तो रद्द करण्याचे वचन दिले. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार गेले, भाजप-शिवसेनेचे आले, महाविकास आघाडीचे आले आणि गेले. मधल्या काळात लहान घरांना सवलती मिळाल्या. मूळ कर भरण्याच्या अटीवर पूर्ण माफी मिळाली ती मार्च २०२३ मध्ये. पंधरा वर्षे! या पंधरा वर्षांत या प्रश्नावर मत देणारा माणूस चुकला असे मी म्हणणार नाही. पण त्याने जाब विचारायचा कुणाला? कर लावला तेव्हा जे एका पक्षात होते, त्यांतले काही जण तो हटवण्याचे आश्वासन देताना दुसऱ्या पक्षात होते.

चाकणकडे वळले की आणखी एक गोष्ट दिसते. चाकण खेड-आळंदी विधानसभा मतदारसंघात येते. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव. तिथे औद्योगिक वसाहत आली, १९९९ च्या सुमारास बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या. २०१५ मध्ये नगरपरिषद झाली. इथल्या मतदारांनी २००९ मध्ये राष्ट्रवादीचे दिलीप मोहिते निवडले, २०१४ मध्ये शिवसेनेचे सुरेश गोरे, २०१९ मध्ये पुन्हा मोहिते आणि २०२४ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे बाबाजी काळे. आलटून पालटून हिशेब मागणारा हा मतदार आहे. पण तो कोण? मुख्यतः जुन्या गावांतला शेतकरी आणि त्याची मुले. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरणारा कंत्राटी कामगार, मग तो लातूरचा असो, यवतमाळचा असो की बिहार-ओडिशाचा, त्याचे नाव बहुधा गावाकडच्या यादीत असते. चाकणच्या चौकातली वाहतूक कोंडी तो रोज भोगतो, भाड्याच्या खोलीतले पाणी त्याचे जाते, पण इथे त्याचे मत नाही. की यांच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून जाणूनबुजून दूर ठेवले होते, १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने ती वाट मोकळी झाली. चाकणला तसे कुणी अडवलेले नाही. पण उमेदवाराच्या दृष्टीने ज्याचे मत नाही त्याची कोंडी ही कोंडीच नसते, हे दोन्हीकडे सारखेच.

शेवटी शहराच्या तिसऱ्या मताचे, म्हणजे नळाच्या मताचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे या शहरात एकही नगरसेवक नव्हता. या काळात चिंचवडची पोटनिवडणूक झाली, लोकसभा झाली, विधानसभा झाली. दिल्ली-मुंबईची मते दिली गेली आणि नळाचे मत तेवढे राहून गेले. अखेर मतदान झाले तेव्हा चित्र असे होते, की राज्याच्या सत्तेत मांडीला मांडी लावून बसलेले भाजप आणि अजित पवारांचा पक्ष इथे एकमेकांसमोर उभे होते आणि राज्यात एकमेकांविरुद्ध असलेल्या दोन्ही राष्ट्रवादी इथे एकत्र होत्या. लोकांनी भाजपला पुन्हा बहुमत दिले. मतदार पक्ष विसरतो असे ज्यांना वाटते, त्यांनी पक्षांनी स्वतःच मांडलेला हा पट एकदा नीट पाहावा.

मग करायचे काय? सगळीकडे एकाच चिन्हावर शिक्का मारा, असे मी कुणालाही सांगणार नाही. अमेरिकेने ते करून पाहिले आहे आणि त्यातून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. आपले विभागलेले मत ही आपली ताकद आहे. मात्र तिला स्मरणाची जोड हवी. पक्ष बदलता येतो, नाव बदलता येत नाही. आपल्या प्रभागात मागच्या तीन निवडणुकांत कोण, कोणत्या चिन्हावर उभे होते आणि काय सांगत होते, एवढे एका वहीच्या पानावर लिहून ठेवावे. आमच्याकडे सोसायट्यांच्या सूचना फलकावर पाण्याच्या वेळा लावतात, त्याच्या शेजारी हे पान लावायला कुणाची हरकत नसावी. चाकणला खोली घेऊन राहणाऱ्या पोरांनीही कायमचे राहायचे ठरत असेल तर आपले नाव इथल्या यादीत आणावे.

दारात मत मागायला येणारा पुढच्या वेळी वेगळा झेंडा घेऊन येईल. आपण त्याच्या हातात मागचे पान द्यावे आणि वाचायला सांगावे.